वर्गातली अवघड मुले आणि शाळेचे बळ : एक आढावा

कोणत्याही माध्यमिक शाळेच्या स्टाफरूममध्ये आठवी-नववीचा विषय निघाला की चार-पाच नावे हमखास पुढे येतात. एक जण तास चालू असताना जागेवर बसत नाही. दुसऱ्याची रोज कोणाशी तरी हाणामारी होते. तिसऱ्याच्या खिशात मावा सापडतो. चौथी महिनाभर कोणाशी धड बोललेली नाही, पण तिची कोणाला तक्रार नसल्याने तिचे नाव सगळ्यांत शेवटी निघते. या मुलांचे काय करायचे यावर गेल्या पंधरा-वीस वर्षांत महाराष्ट्रात बरेच बोलले गेले. कायदे झाले, शासननिर्णय निघाले, समित्या नेमल्या गेल्या, न्यायालयांनी निकाल दिले. तरीही वर्गशिक्षकाचा रोजचा प्रश्न बहुतांशी तसाच आहे: उद्या पहिल्या तासाला मी नेमके काय करू?

हा वाद आज कुठवर आला आहे, त्यात कोणत्या भूमिका आहेत, पुरावा काय सांगतो आणि काय सुटायचे राहिले आहे, याचा हा आढावा. त्यासाठी सोलापूर शहर आणि जिल्हा समोर ठेवला आहे. गिरण्यांचे आणि पुढे यंत्रमागाचे व विडीचे शहर, मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी वस्ती आणि भोवती ऊस व साखर कारखान्यांचा ग्रामीण मुलूख, असे इथले चित्र आहे. राज्यातल्या शाळांपुढच्या बहुतेक अडचणी या एका जिल्ह्यात पाहायला मिळतात.

प्रश्नाचा आवाका

‘वर्तनसमस्या’ या एका नावाखाली निरनिराळ्या गोष्टी येतात, आणि चर्चेतला बराचसा गोंधळ तिथूनच सुरू होतो. पहिला प्रकार वयाला साजेशा खोडकरपणाचा. तो बहुतेक मुलांत असतो आणि मूल मोठे होता होता ओसरतो. दुसरा शिकण्यातल्या अपयशातून येतो. सातवीत येऊनही वाचता न येणाऱ्या मुलाला पाच तास नुसते बसून राहणे असह्य होते आणि ते काहीतरी ‘उद्योग’ शोधते. तिसऱ्या प्रकारात अवधानातील कमतरता आणि अतिचंचलता, नैराश्य, चिंता, वर्तनविकार अशा वैद्यकीय मदत लागणाऱ्या अवस्था येतात. चौथ्याची मुळे शाळेबाहेर असतात: घरातली मारहाण, बापाची दारू, लैंगिक अत्याचार, शाळेआधी किंवा नंतर करावे लागणारे काम, वस्तीतली टोळकी.

अडचण अशी की वर्गात या चारही प्रकारांचे रूप एकच दिसते. न विचारता वर्गाबाहेर जाणारा मुलगा यांपैकी कोणत्याही कारणाने बाहेर गेलेला असू शकतो. त्यामुळे सगळ्यांना एकच उपाय लावला की तो काहींना लागू पडतो आणि काहींचे नुकसान करतो.

आकडेवारी मर्यादित असली तरी अंदाज बांधता येतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात मानसिक विकारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले. साठ मुलांच्या वर्गाला हे प्रमाण लावले तर चारेक मुले होतात. यात गप्प राहणारी, अभ्यासातून लक्ष उडालेली मुलेही आली. शिक्षकांच्या तोंडी असलेली चार-पाच नावे आणि ही चार मुले एकच असतील असे मात्र नाही.

मागचा पट

मुलांना ‘सुधारण्याचा’ सोलापुरातला एक जुना सरकारी प्रयोग तारेच्या कुंपणाआड झाला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची व्याप्ती १९११ च्या नव्या कायद्याने वाढली, मुंबई इलाखा त्यात आला आणि सोलापुरात सेटलमेंट उभी राहिली. गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची कुटुंबे तिथे हजेरी देऊन राहत. मोठी माणसे गिरण्यांत कामाला जात, मुलांना शाळेची सक्ती असे. मुलांना आईबापांपासून वेगळे काढून औद्योगिक किंवा सुधारशाळेत ठेवण्याचा अधिकार कायद्यानेच सरकारला दिला होता. मूल काय करते यापेक्षा ते कोणाच्या घरात जन्मले यावरून त्याची वागणूक गृहीत धरली जाई. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर संपुष्टात आला. ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हे नाव शहरात आजही आहे. एखाद्या मुलावर शिक्का बसेल ही भीती इथे पुस्तकी नाही, याचे भान पुढची चर्चा वाचताना ठेवावे लागते.

दुसरा प्रवाह याच काळात बालशिक्षणातून आला. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भावनगरात एकत्र काम केले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि ताराबाईंनी पुढे बोर्डी व कोसबाड इथे अनुताई वाघांच्या साथीने हे काम खेड्यांत आणि आदिवासी पाड्यांत नेले. गिजुभाईंच्या ‘दिवास्वप्न’मधल्या शिक्षकाचा शांततेचा खेळ पहिल्याच दिवशी फसतो. वर्ग ऐकत नाही. मग तो गोष्टींपासून सुरुवात करतो आणि हळूहळू वर्ग त्याच्या मागे येतो. मूल ऐकत नसेल तर आधी शिकवण्याची रीत तपासावी, हा विचार मराठी वाचकाला तेव्हापासून परिचित आहे.

तिसरा प्रवाह आयोगांचा. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांत मार्गदर्शनाची गरज मांडली. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने ती ठोस केली. सर्व माध्यमिक शाळांत किमान मार्गदर्शन असावे आणि दहा शाळांमागे एक फिरता समुपदेशक असावा, असे त्याने सुचवले. महाराष्ट्रात मार्गदर्शनाचे काम प्रामुख्याने व्यवसाय निवडीभोवती फिरत राहिले. दहावीनंतर कुठे जायचे याची चर्चा झाली, पण आठवीत वर्गाबाहेर उभ्या असलेल्या मुलाशी कोण बोलणार हा प्रश्न मागे पडला.

छडीबद्दलचे अधिकृत मत मात्र बदलत गेले. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शारीरिक शिक्षा शिक्षणव्यवस्थेतून पूर्णपणे वगळण्याची भूमिका घेतली. डिसेंबर २००० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दिल्लीच्या शाळा नियमांतली शारीरिक शिक्षेची तरतूद रद्द केली. धोरण आणि वर्ग यांतले अंतर २००७ मध्ये स्पष्ट झाले. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या १३ राज्यांतल्या अभ्यासात शाळेत जाणाऱ्या ६५ टक्के मुलांनी, म्हणजे तिघांपैकी दोघांनी, शारीरिक शिक्षा भोगल्याचे सांगितले.

कायदा कुठवर आला

शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी घातली. कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत परीक्षा घेऊन मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली, पण काढून टाकण्याची मनाई कायम राहिली. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांनी शिक्षेची व्याख्या आणखी रुंद केली. उठाबशा, अंगठे धरून उभे करणे, वर्गासमोर अपमान करणे, जातीवरून किंवा गुणांवरून हिणवणे हे सगळे तिच्यात बसते. शिवाय २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे कलम ७५ अठरा वर्षांखालील मुलांवरील क्रूरतेला शिक्षा सांगते.

न्यायालयांचा सूर मात्र सर्वत्र एकसारखा नाही. गोव्याच्या २००३ च्या बाल कायद्याने शाळेतल्या शारीरिक शिक्षेवर बंदी आणली. त्याच गोव्यात फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने मुलांना पट्टीने मारल्याबद्दल दोषी ठरलेल्या शिक्षिकेची शिक्षा रद्द केली. शिस्त लावताना शिक्षकाला थोडे कठोर व्हावे लागते आणि तेवढ्याने गुन्हा होत नाही, असा या निकालाचा आशय होता. २०२४ मध्ये छत्तीसगड उच्च न्यायालयाने शिस्तीच्या नावाखाली मुलावर शारीरिक हिंसा करणे क्रूर ठरवले. दोन्ही प्रकरणांतली परिस्थिती अगदी वेगळी होती, पण वर्तमानपत्रातून शिक्षकांपर्यंत पोचताना हे बारकावे गळून जातात. एका गटाला वाटते की न्यायालय आपल्या बाजूने आहे. दुसऱ्याला वाटते की कधीही गुन्हा दाखल होईल.

अलीकडचा मोठा टप्पा २५ जुलै २०२५ चा. विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांसाठी देशभर लागू होणारे निर्देश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, आणि लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक संबंध जोडावा, असे त्यांत आहे. काय करू नये हे सांगणाऱ्या कायद्याकडून काय करावे हे सांगणाऱ्या निर्देशांकडे झालेला हा महत्त्वाचा बदल म्हणता येईल.

चार भूमिका

*पहिली : शिस्त आधी.* या बाजूचे म्हणणे असे की एका मुलासाठी उरलेल्या एकोणसाठ जणांचा तास वाया जाता कामा नये. शिक्षकाचे हात बांधले गेले आहेत, पालक तक्रार घेऊन थेट पोलीस ठाण्यात किंवा समाजमाध्यमांवर जातात आणि मुलांनाही हे कळते. उलट, विडी वळून किंवा यंत्रमागावर पाळ्या करून मुलांना शिकवणाऱ्या घरांतून अजूनही ‘सर, मारा पण शिकवा’ असे ऐकू येते. या भूमिकेचे गंभीर समर्थक छडी परत मागत नाहीत. त्यांना हवे आहेत मोजके, सर्वांना माहीत असलेले नियम आणि ते मोडल्यावर लगेच, प्रत्येकाला सारखाच मिळणारा छोटा परिणाम. त्यांच्यावरचा आक्षेप असा की शिस्तीचा बडगा बहुधा दुबळ्या घरातल्या मुलांवरच आधी पडतो, आणि कारण न शोधता दिलेला परिणाम फार तर त्या दिवसापुरता टिकतो.

*दुसरी : समुपदेशन आणि उपचार.* वर्तन हे लक्षण आहे, कारण वेगळेच असते, असे ही बाजू मानते. १९९० मध्ये ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी स्थापन केलेली ‘आयपीएच’, पुण्याची ज्ञान प्रबोधिनी यांसारख्या संस्थांनी मराठी शाळा आणि पालकांमध्ये मानसशास्त्राची भाषा रुजवली. पुण्याहून १९८७ पासून निघणाऱ्या ‘पालकनीती’नेही मूल समजून घेण्याचा विचार सातत्याने मांडला. या बाजूची मागणी सरळ आहे: शाळेत प्रशिक्षित व्यक्ती हवी, वेळेवर तपासणी हवी, गरजेनुसार डॉक्टरकडे पाठवणी हवी. आक्षेप दोन आहेत. एक, प्रत्येक त्रासदायक वागण्याला विकाराचे नाव मिळाले तर वर्गातली चूक झाकली जाते. दोन, ‘समुपदेशकाकडे पाठवले’ ही मुलांच्या नजरेत नवी शिक्षा होऊन बसते.

*तिसरी : शाळेचे वातावरण.* एकेका मुलाकडे पाहण्याआधी सगळ्या शाळेची घडी पाहावी, असे ही भूमिका सांगते. अमेरिकेत ऑरेगन विद्यापीठाच्या परिसरात वाढलेल्या सकारात्मक वर्तन कार्यक्रमांत तीन थर मानले जातात. सर्वांसाठी स्पष्ट अपेक्षा आणि कौतुक हा पहिला थर, काहींसाठी छोट्या गटातली मदत हा दुसरा आणि मोजक्या मुलांसाठी व्यक्तिगत आराखडा हा तिसरा. महाराष्ट्रात या विचाराच्या जवळ जाणारा मोठा प्रयोग म्हणजे ‘मूल्यवर्धन’. शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने २००९ मध्ये बीड जिल्ह्यात तो सुरू झाला आणि पुढे राज्यभरच्या जिल्हा परिषद शाळांत गेला. जोडीने काम करणे, ऐकून घेणे, नियम मिळून ठरवणे अशा कृती त्यात आहेत. आक्षेप अंमलबजावणीचा आहे. प्रशिक्षण संपले, पुस्तिका कपाटात गेली आणि वर्ग पूर्वीसारखाच चालू राहिला, अशी तक्रार अशा प्रत्येक कार्यक्रमाबाबत होते.

*चौथी : परिस्थिती.* शाळा ज्या वस्तीत आहे तिच्याकडे पाहा, असे ही बाजू म्हणते. शहराच्या पूर्व भागात घरी तेलुगू बोलणारे मूल मराठी शाळेत पहिली दोन वर्षे अर्धे समजून घेत बसते. ऊसतोडीला गेलेल्या घरातले मूल दिवाळीनंतर गायब होते आणि परतते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. कुंभारीचे विडी घरकुल किंवा २०२४ मध्ये घरांचा पहिला मोठा टप्पा ताब्यात मिळालेले रे नगर यांसारख्या नव्या वसाहतींत शेजार, शाळा आणि रोजचा रस्ता सगळेच एकदम बदलते. भूक, गैरहजेरी, बापाचे व्यसन सुटल्याशिवाय वर्तनावर काम करणे वरवरचे ठरेल, असा हा विचार आहे. त्याच्यावरचा आक्षेप व्यवहाराचा: परिस्थिती बदलेपर्यंत शाळा थांबू शकत नाही.

या चार भूमिका एकमेकींना छेद देतात असे वाटते खरे. पण वर सांगितलेल्या चार प्रकारच्या कारणांशेजारी त्या ठेवल्या तर प्रत्येकीच्या नजरेसमोर वेगळे मूल आहे, हे लक्षात येते.

पुरावा काय सांगतो

केवळ कडकपणाच्या बाजूने पुरावा दुबळा आहे. अमेरिकेत १९९० च्या दशकात ‘शून्य सहनशीलते’ची धोरणे पसरली. २००८ मध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अभ्यासगटाने आढावा घेतला तेव्हा त्या धोरणांनी शाळा अधिक सुरक्षित झाल्याचा आधार मिळाला नाही. दुसऱ्या टोकाला, शिक्षेऐवजी संवाद आणि समेट यांवर भर देणाऱ्या पद्धतीचा पिट्सबर्गमधल्या शाळांत रँड संस्थेने अभ्यास केला आणि २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले. शाळेतून तात्पुरते काढण्याचे प्रमाण घटले, शिक्षकांना वातावरण सुधारल्यासारखे वाटले, पण सहावी ते आठवीच्या मुलांचे गुण घसरले. म्हणजे मवाळ मार्गही आपोआप यशस्वी होत नाही.

वर्गाच्या पातळीवरचा टिकाऊ पुरावा एका साध्या खेळाच्या बाजूने आहे. १९६९ मध्ये कॅन्ससमध्ये प्रथम मांडल्या गेलेल्या ‘चांगल्या वर्तनाच्या खेळा’त वर्गाचे गट पाडतात आणि नियम पाळणाऱ्या गटाला छोटे बक्षीस मिळते. बाल्टिमोरमध्ये पहिलीच्या मुलांवर केलेल्या प्रयोगाचा मागोवा ती तरुण होईपर्यंत घेतला गेला. सुरुवातीला अधिक आक्रमक असलेल्या मुलग्यांमध्ये पुढे व्यसनांचे प्रमाण कमी आढळले. या पद्धतीला वेगळा माणूस किंवा मोठा खर्च लागत नाही, मात्र शिक्षकाचे सातत्य लागते.

आपल्यासाठी सर्वांत मोलाचा अभ्यास बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यातला आहे. गोव्याच्या ‘संगत’ संस्थेशी जोडलेल्या संशोधकांनी ७५ सरकारी माध्यमिक शाळांत ‘सेहर’ हा कार्यक्रम तपासला. काही शाळांत तो बाहेरून नेमलेल्या, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकाने चालवला, काही शाळांत तिथल्याच शिक्षकाने. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. समुपदेशक असलेल्या शाळांत वातावरण सुधारले, दादागिरी, हिंसा आणि नैराश्याची लक्षणे घटली. शिक्षकाने चालवलेल्या शाळांत दखल घ्यावा असा फरक पडला नाही. त्यानंतर दिल्लीच्या सरकारी शाळांत झालेल्या दुसऱ्या अभ्यासात अशाच समुपदेशकांनी प्रश्न सोडवण्याची पद्धत शिकवली. मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणींची तीव्रता काहीशी कमी झाली, मानसिक लक्षणांच्या एकूण मोजमापात मात्र सुरुवातीला ठळक फरक दिसला नाही.

यातून दोन गोष्टी पुढे येतात. कामासाठी मोठी पदवी अनिवार्य नाही, पण त्या कामासाठी राखलेला माणूस आणि वेळ लागतो. आणि समुपदेशनाकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये.

सोलापुरातल्या खिडक्या

जिल्ह्यात मदतीच्या जागा मोजायला गेले तर यादी छोटी नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक वर्षातून एकदा शाळेत येते. किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ केंद्रे आहेत. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. ‘टेलिमानस’चा १४४१६ आणि चाइल्डलाइनचा १०९८ हे क्रमांक आहेत. वेळापूरची जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था शिक्षकांना प्रशिक्षण देते. शहरात समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण उपलब्ध आहे, म्हणजे क्षेत्रकार्य करणारे विद्यार्थीही आहेत. शाळाबाह्य मुलांना परत आणणाऱ्या ‘बालरक्षक’ शिक्षकांची चळवळ आहे. तंबाखूमुक्त शाळेचे निकष आहेत. २०२० पासून आयुष्मान भारतच्या शालेय कार्यक्रमात प्रत्येक शाळेतून दोन आरोग्यदूत शिक्षक निवडणे अपेक्षित आहे. मार्च २०२२ च्या शासननिर्णयाने मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्या आल्या, आणि ऑगस्ट २०२४ मधल्या बदलापूरच्या शाळेतील अत्याचाराच्या घटनेनंतर त्या कागदावरून प्रत्यक्षात आणण्याचा दबाव वाढला.

तरी शाळेतून पाहिले तर चित्र वेगळे दिसते. बालरक्षक, आरोग्यदूत, तंबाखूमुक्तीचा समन्वयक आणि समितीचा सदस्य या सगळ्या भूमिका पुष्कळदा त्याच दोघा-तिघा शिक्षकांकडे येतात. त्यांच्याकडेच मतदारयादीचे काम आणि ऑनलाइन माहिती भरणेही असते. सखी सावित्री समितीत समुपदेशक अपेक्षित आहे, पण अनुदानित शाळेच्या संचमान्यतेत समुपदेशक हे वेगळे पद नाही. आरोग्य पथकाच्या तपासणीत दात, डोळे, रक्तक्षय सापडतात. वागण्यातला बिघाड त्या एका भेटीत सापडणे अवघड असते. करमाळा किंवा सांगोल्याहून मुलाला सोलापूरच्या रुग्णालयात दाखवायचे तर पालकाचा अख्खा दिवस आणि त्या दिवसाची मजुरी जाते, आणि उपचार एका फेरीत संपत नाही.

भाषेचा मुद्दाही इथे ठळक आहे. महापालिकेने मराठीबरोबरच उर्दू, कन्नड आणि तेलुगू माध्यमांच्या शाळा चालवल्या. मनातले बोलणे घरच्या भाषेत सुटते. त्यामुळे मराठीतून प्रशिक्षित एक समुपदेशक नेमला म्हणजे सगळ्या शाळांची सोय झाली, असे सोलापुरात म्हणता येत नाही.

न सुटलेले प्रश्न

*कोणी करायचे?* वर्गशिक्षकाला मूल रोज दिसते, तर बाहेरच्या माणसाकडे वेळ असतो आणि त्याच्या हाती गुण नसल्याने मूल मोकळे बोलते. बिहारचा अभ्यास दुसऱ्या बाजूला झुकतो. पण अडचण प्रथम ओळखणारा शिक्षकच असणार, आणि त्याला डी.एल.एड. किंवा बी.एड.मध्ये मिळालेले वर्गव्यवस्थापनाचे शिक्षण पुरेसे आहे का, यावर मतभेद आहेत.

*नववीपासून काय?* काढून टाकण्याविरुद्धचे शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षण आठवीला संपते. वर्तनाचे गंभीर प्रश्न नेमके त्यानंतर वाढतात आणि दहावीच्या निकालाची काळजी शाळेला लागते. पालकाला बोलावून ‘दाखला घेऊन जा’ असे सुचवले जाते. कागदावर मुलाने स्वतःहून शाळा सोडलेली असते. अशा दाखल्यांची वेगळी नोंद होत नसल्याने प्रश्न किती मोठा आहे हेही कळत नाही.

*गुपित किती राखायचे?* मूल विश्वासाने बोलले तर समुपदेशकाने ते कोणाला सांगायचे? लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर पोक्सो कायद्याने तक्रार करणे बंधनकारक आहे आणि ते आवश्यकही आहे. पण अठरा वर्षांखालील दोघांचे परस्परसंमतीचे प्रेमसंबंधही याच कायद्याच्या कक्षेत येऊ शकतात. ‘वागणे बिघडले’ म्हणून पाठवलेली मुलगी खरे बोलली तर प्रकरण पोलिसांत जाईल, ही शक्यता तिला आणि शिक्षिकेला, दोघींनाही गप्प करते. मुलांचे रक्षण आणि मुलांचा विश्वास यांचा मेळ कसा घालायचा, याचे समाधानकारक उत्तर अजून कोणी दिलेले नाही.

*निदान की शिक्का?* अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती देण्यात महाराष्ट्र १९९६ पासून पुढे राहिला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता आहेत, अतिचंचलता मात्र स्वतंत्रपणे नाही. निदान झाले तर मदत मिळते आणि ओळखही चिकटते. ज्या शहराने जन्मावरून मारलेले शिक्के पाहिले तिथे पालकांचा संकोच समजण्यासारखा आहे. दुसरीकडे, निदानाअभावी मूल ‘आळशी’ आणि ‘वांड’ ठरते, तोही एक शिक्काच.

*यश कशाला म्हणायचे?* शांत वर्ग, वाढलेली हजेरी, कमी झालेल्या मारामाऱ्या की दहावी पास होणारी मुले? शाळेत शिक्षेची किंवा वर्तनाच्या घटनांची विश्वासार्ह नोंद राहत नाही, कारण नोंद म्हणजे पुरावा अशी भीती असते. नोंद नसेल तर कोणता उपाय लागू पडला हे पाच वर्षांनीही सांगता येणार नाही.

आता कुठे उभे आहोत

सगळ्या बाजूंना मान्य असलेल्या गोष्टी वाटतात त्यापेक्षा जास्त आहेत. मारहाण नको, यावर जाहीरपणे तरी वाद उरलेला नाही. नियम मोजके आणि सर्वांना सारखे असावेत, यालाही समुपदेशनाच्या बाजूचे लोक विरोध करत नाहीत. काही मुलांना शाळेबाहेरची मदत लागते, हे शिस्तीचे समर्थकही मान्य करतात. मतभेद उरतो तो माणूस, वेळ आणि पैसा कुठे लावायचा यावर.

या बाबतीत एक रचना चर्चेला येण्याजोगी आहे. सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांबाबत २०२१ मध्ये दिलेल्या निकालानंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्राने दिव्यांग मुलांसाठी ४,८६० विशेष शिक्षकांची पदे केंद्रस्तरावर निर्माण केली. म्हणजे शाळांच्या प्रत्येक समूहाला एक. कोठारी आयोगाने दहा शाळांमागे एक फिरता समुपदेशक सुचवला होता, त्याच आकाराची ही व्यवस्था आहे. वर्तनसमस्यांसाठी असा राखीव माणूस केंद्रावर असावा का, शंभरहून अधिक पट असलेल्या शाळांनी तो स्वतंत्र नेमावा आणि वाडीवस्तीवरच्या लहान शाळांनी केंद्राचा वापर करावा का, त्याचा पगार शिक्षण खात्याने द्यावा की आरोग्य खात्याने, या प्रश्नांवर आता धोरणाच्या पातळीवर निर्णय लागतील.

विशेष शिक्षकाकडेच हे कामही सोपवावे असा एक सूर निघू शकतो. त्यात बचत आहे. पण एका माणसाच्या नावावर आणखी एक भूमिका चढवण्याची जुनी सवयही त्यात आहे. दुसरा सूर वेगळ्या पदाचा आग्रह धरेल, आणि त्याला अंदाजपत्रकाचे उत्तर द्यावे लागेल. नालंदाच्या निष्कर्षांमुळे तिसरी शक्यताही खुली झाली आहे: स्थानिक, बारावी किंवा पदवीपर्यंत शिकलेली, मुलांच्या घरची भाषा बोलणारी व्यक्ती निवडून तिला प्रशिक्षण आणि नियमित देखरेख देणे. तेलुगू आणि कन्नड घरांच्या सोलापुरात ही शक्यता विशेष तपासून पाहण्याजोगी आहे. मात्र बिहारमधले यश इथे जसेच्या तसे उतरेल असे गृहीत धरता येणार नाही. एका तालुक्यातल्या काही केंद्रांत दोन-तीन वर्षे तिन्ही पर्याय शेजारी शेजारी चालवून, नोंदी ठेवून पाहिले, तर या वादात पहिल्यांदाच इथला स्वतःचा पुरावा हाताशी येईल. पुढच्या आढाव्याला सर्वांत जास्त गरज असेल ती त्याचीच.